पाहणीला आलेला माणूस

पिंपळे सौदागर या गावात १५६ खातेदार होते आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे होते ७१८. त्यांतले ४६३ तुकडे एकराच्या आतले, आणि ११२ तर पाव एकराच्याही आतले. पवनेकाठचे हे गाव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत मोडते आणि तिथली जागा आता चौरस फुटांत मोजतात. वरचे आकडे मात्र पहिले महायुद्ध चालू असतानाचे आहेत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे मराठी सहकारी यांनी ते जमवले, आणि त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दख्खनमधल्या एका खेड्यातली जमीन आणि श्रम असा त्याचा विषय होता.

जमिनीचे तुकडे मोजायला सरकारी दप्तर होते, मोजणीची साखळी होती. पण कोणाच्या घरात खाणारी तोंडे किती, कोणाच्या डोक्यावर कर्ज किती, मजुरीला बाहेर कोण जातो आणि किती आणतो, लग्नाला किती खर्च आला, हे कुठल्याच दप्तरात नव्हते. ते दारात जाऊन विचारावे लागणार होते. आणि कागद-लेखणी घेऊन आलेल्या माणसाला खरे सांगायचे नसते, हे शहाणपण दख्खनच्या खेड्याला तोवर पिढ्यानपिढ्या पाठ झाले होते.

'पाहणी' हा आपल्याकडचा जुना शब्द. आज तो आपण 'सर्व्हे' या अर्थाने बिनदिक्कत वापरतो, पण त्याचा जन्म महसुलातला. पीक उभे असताना सरकारचा माणूस शिवारात येई, पीक पाही, आणि त्यावरून सरकारचा वाटा ठरे. पाहणी म्हणजे घेण्याआधीचे पाहणे. त्यामुळे पाहणीला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न कोणताही असो, ऐकणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न ठरलेला असे: हा का विचारतोय? मॅन आणि पुढे धनंजयराव गाडगीळ, वि. म. दांडेकर या अर्थशास्त्रज्ञांनी पाहणीतून जे शास्त्र उभे केले, ते मुख्यतः या न बोललेल्या प्रश्नाशी घातलेली झुंज आहे.

त्या झुंजीची पहिली मोठी हार पुणे जिल्ह्यातच झाली. पेशवाई बुडून दहाएक वर्षे झाली होती. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा कंपनीचा तरुण अधिकारी जिल्ह्याच्या सारापद्धतीची नवी मांडणी करायला निघाला. ज्या हेलीबरी कॉलेजात माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे, तिथला हा विद्यार्थी. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का होता. जमिनीतून निघणारे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून बी-बियाणे, बैल, मजुरी असा लागवडीचा सगळा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर हिशोब निर्दोष होता.

पण या हिशोबाला लागणारे दोन्ही आकडे रयतेच्या तोंडून यायचे होते. किती पिकते आणि किती खर्च होतो? पहिल्या प्रश्नाला कमी उत्तर दिले आणि दुसऱ्याला जास्त, की सारा उतरतो, हे समजायला रिकार्डो वाचावा लागत नाही. शिवाय प्रिंगल स्वतः प्रत्येक शेतात जाणे शक्य नव्हते. मोजणी आणि जमिनीची प्रतवारी खालच्या कारकुनांच्या हाती होती. ज्याचा हात ओला झाला त्याची काळी जमीन कागदावर बरड झाली, आणि ज्याने काही दिले नाही त्याचा माळ काळा ठरला. त्यात धान्याचे भाव पडले. नवे दर लागू झाले तेव्हा ते झेपेनात, वसुलीसाठी छळ झाला, आणि कित्येक कुळे गाव सोडून शेजारच्या निजामाच्या मुलखात गेली. इतक्या बारकाईने आखलेली पाहणी काही वर्षांतच गुंडाळावी लागली.

१८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली, तेव्हा त्यांनी प्रिंगलचा धडा नीट गिरवला होता. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडून दिला. मातीची खोली किती, रंग कोणता, चुनखडी आहे का, पाणी साचते का, एवढे पाहून जमिनीच्या प्रती लावल्या आणि दर ३० वर्षांसाठी कायम केले. रयतेला विचारायचे ते त्यांनी जमिनीला विचारले. उत्तर देणाऱ्याचा ज्यात फायदा-तोटा आहे असा प्रश्नच शक्यतो टाळायचा, ही त्यांची युक्ती. आजही प्रश्नावली आखणारा जाणता माणूस ती वापरतो. उत्पन्न किती, असे विचारण्यापेक्षा घरात काय आहे ते तो पाहतो.

पण जमीन सगळ्याच प्रश्नांची उत्तरे देत नाही. कर्ज मातीत दिसत नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे आणि चोपड्या हिसकावून घ्यायच्या आणि जाळायच्या, हेच तेव्हा गावोगाव चालले. एकदा लिहिले गेले की आपल्या गळ्याशी येते, हा अनुभव असल्यावर वहीत आपले नाव घालू पाहणाऱ्या माणसाबद्दल लोकांना काय वाटत असेल, हे सांगायला नको.

मॅन यांची पाहणी झाली ती या पार्श्वभूमीवर. ते मूळचे यॉर्कचे. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडात अशा पाहण्यांचा काळ सुरू झाला होता. चार्ल्स बूथ लंडनच्या वस्त्या रस्त्यागणिक तपासत होता. सीबोम राउंट्रीने खुद्द यॉर्क शहरात मजुरांच्या घरोघर माहिती जमवून १९०१ मध्ये पुस्तक काढले. कुटुंबाला जगायला कमीत कमी किती लागते, त्याचा हिशोब मांडून त्याखाली किती घरे आहेत ते त्याने दाखवले होते. मॅन यांनी ही रीत बेडफर्डशायरमधल्या रिजमाउंट या खेड्याला लावून पाहिली, आणि १९०७ मध्ये पुण्याला आल्यावर मुळा-मुठेच्या खोऱ्यात आणली.

त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या, ज्या प्रिंगलजवळ नव्हत्या. एक म्हणजे सहकारी. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हाणे ही मंडळी शेतकी कॉलेजातली, मातीचे आणि पिकांचे जाणकार. त्यांची भाषा आणि गावाची भाषा एकच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्यांना गावाकडून काहीही वसूल करायचे नव्हते. प्राचार्य सरकारी नोकर असला तरी त्याच्या कागदावरून कोणाचा सारा एका पैनेही वाढणार नव्हता.

मॅन यांचे पहिले काम जुन्या दप्तरांतले. १७७१ मध्ये या गावातले सरासरी खाते ४० एकरांचे होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले, त्यानंतरच्या दोन दशकांत १४ वर, आणि १९१४-१५ मध्ये अवघ्या ७ एकरांवर. ही उतरण एका गावापुरती मोजली गेली होती, पण तुकडे पाडणाऱ्या वाटण्या ज्यांनी आपापल्या घरात पाहिल्या होत्या त्यांना ती आपलीच वाटली असणार.

दुसरे काम घरांच्या उंबऱ्यावरचे. १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला गेला आणि त्यांची तीन गटांत वाटणी झाली. नुसत्या जमिनीवर धड उभी असलेली घरे निघाली ८. जमीन आणि बाहेरची कमाई मिळून निभावणारी २८. उरलेली ६७ घरे दोन्ही करूनही तुटीत होती. म्हणजे शंभरांतली ६५ घरे कर्ज काढून किंवा पोट मारून जगत होती.

हे आकडे छापून आले आणि लगेच आक्षेप निघाला, तोही रास्त. पिंपळे सौदागर पुण्याला चिकटलेले, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ. अशा गावावरून दख्खनबद्दल काय बोलणार? मॅन यांनी वाद घालण्याऐवजी दुसरे गाव धरले. शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक शहरापासून लांब, पावसाच्या भरवशावरचे. कानिटकरांसह केलेला तो अभ्यास १९२१ मध्ये आला. तिथे तुटीतली घरे ८५ टक्के होती. पहिल्या गावाचे चित्र काळे रंगवले, असे ज्यांना वाटत होते त्यांना आता कळले की ते त्यातल्या त्यात उजळ होते.

मॅन यांना सर्वांत तल्लख वाचक मिळाला तो पुण्याबाहेर. १९१८ मध्ये भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातल्या लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध प्रसिद्ध केला. कोलंबियाहून परतलेल्या या तरुण अर्थशास्त्रज्ञाने आकड्यांना हात लावला नाही. त्याने प्रश्नालाच हात घातला. किफायतशीर शेत कोणते, याचे मॅन यांचे उत्तर होते, जे एका कुटुंबाला बऱ्यापैकी पोसेल ते. आंबेडकरांचे म्हणणे असे की ही मोजपट्टी खाण्याच्या बाजूची आहे. शेत हा धंदा असेल तर तो उत्पादनाच्या बाजूने मोजला पाहिजे. शेतकऱ्याजवळ बैल, अवजारे, भांडवल किती आणि त्यांच्या मानाने जमीन किती, हे पाहिले पाहिजे. भांडवलाशी जुळत असेल तर लहान शेतही किफायतशीर ठरते, आणि जुळत नसेल तर मोठेही आतबट्ट्याचे. मग रोग तुकड्यांचा नाही, शेतीवर साचलेल्या रिकाम्या हातांचा आहे, आणि त्यावर उपाय कारखानदारीचा. तक्ता तोच, पण व्याख्या बदलली की औषध बदलते. प्रश्नावलीचे खरे राजकारण प्रश्नांत नसते, ते शब्दांच्या अर्थात असते, हे आपल्याकडे इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी दाखवले असेल असे वाटत नाही.

१९३० मध्ये साताऱ्याचे रावबहादुर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. केंब्रिजला शिकलेल्या गाडगीळांना सिद्धांताचे वावडे नव्हते, पण संस्थेची सुरुवातीची प्रकाशने चाळली की त्यांचा कल कळतो. पुण्याच्या बाजारात फळे कशी विकली जातात? मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांत मोटार-बसचा धंदा कसा चालतो? वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याला शेती परवडते का? हे विषय त्या काळच्या विद्यापीठांना किरकोळ वाटले असते. गाडगीळांना मात्र देशाचे अर्थशास्त्र दलालाच्या वखारीत आणि मोटारीच्या टपावर सापडत होते.

त्यांचे सर्वांत मोठे काम पुणे शहराचे. १९३६-३७ च्या सुमारास शहरातल्या घरांमधून नमुना निवडून घरटी माहिती घेतली गेली. घरात माणसे किती, कोण कोठून आले, कमावते कोण, कशावर, खोल्या किती. या पाहणीचा पहिला खंड १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये आला. दरम्यान महायुद्ध होऊन गेले, स्वातंत्र्य आले, फाळणीनंतरचे निर्वासित आले. खंड छापून होईतो पाहिलेले पुणे इतिहासजमा झाले होते. संस्थेने यावर केलेला उपाय पुणेरी चिकाटीचा होता. पुन्हा पाहणी केली. नी. वि. सोवनी आणि सहकाऱ्यांनी त्याच शहराची फेरपाहणी करून १९५६ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि दोन पुण्यांची तुलना करता आली.

गाडगीळांच्या हातून घडलेल्या पाहण्यांत एकीने मात्र थेट संस्थाच जन्माला घातल्या. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. अध्यक्ष गोरवाला, आणि सभासदांत गाडगीळ. ७५ जिल्हे, ६०० गावे, १,२७,३४३ कुटुंबे. प्रश्न एकच, पण सगळ्यांत अवघड: कर्ज कोणाकडून घेता? सुप्यानंतर पाऊणशे वर्षांनी या प्रश्नाला मिळालेले उत्तर असे. शेतकऱ्याच्या दर शंभर रुपयांच्या कर्जातले सुमारे सत्तर रुपये सावकाराकडून येत होते. सहकारी संस्थांकडून येत होते तीन, आणि व्यापारी बँकांकडून एकसुद्धा पुरता नाही.

सहकाराचा कायदा होऊन तोवर जवळजवळ अर्धशतक लोटले होते. तीन टक्के हा आकडा पाहून कोणीही सहकाराचा नाद सोडला असता. समितीने उलटा निष्कर्ष काढला. सहकार फसला खरा, पण खेड्याला दुसरा आधार नाही. म्हणून सरकारने त्यात भागीदार व्हावे आणि गावापर्यंत जाणारी मोठी बँक काढावी. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. आपल्या गावातल्या स्टेट बँकेच्या शाखेची पाळेमुळे ६०० गावांत विचारलेल्या एका प्रश्नात आहेत, हे पासबुक भरून घेणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

त्याआधीपासून कलकत्त्याला संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस वेगळ्याच प्रश्नाने पछाडलेले होते. लोक खोटे सांगतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांना काळजी होती ती पाहणी करणाराच चुकतो त्याची. १९३७ पासून बंगालच्या ताग-पिकाची नमुना पाहणी करताना त्यांनी एक साधी, पण निर्दय तपासणी शोधली. एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने काढायचे, दोन वेगळ्या तुकड्या पाठवायच्या, आणि दोघांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते पाहायचे. फरक फार आला तर दोष माणसांत.

या प्रश्नात एक सातारकरही उतरला. बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकून आले होते आणि दिल्लीला कृषी संशोधनात होते. आपल्याकडे पिकाचा अंदाज तोवर आणेवारीने होई. सोळा आणे पीक म्हणजे उत्तम, आणि नजरेने ठरवायचे यंदा किती आणे. आणेवारी उतरली की सारा माफ किंवा तहकूब, म्हणून शेतकऱ्याला ती कमी हवी, सरकारला जास्त. नजर कितीही प्रामाणिक असली तरी तिच्यावर दोन्हीकडून ओढ. उपाय होता पीककापणीचा: शेतात चिठ्ठीने जागा ठरवायची, तेवढे पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकडे कापत. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा जितका लहान तितका उतारा फुगतो, कारण कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लहान तुकड्याला कडच जास्त. या हातात लबाडी नव्हती, लोभही नव्हता, तरी आकडा वाकडा आला. दोघांचे दुसरे भांडण माणसांचे. महालनोबिसांना या कामासाठी स्वतंत्र, फिरते, प्रशिक्षित अन्वेषक हवे होते. सुखात्मे म्हणत, गावात तलाठी आहे, शेत त्याला पाठ आहे, त्याला शिकवा. पीककापणीत सुखात्म्यांची पद्धत रुळली. घरोघरच्या पाहणीत महालनोबिस जिंकले.

१९४९ मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. महालनोबिस अध्यक्ष, गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. देशाचे उत्पन्न मोजायला बसल्यावर कळले की निम्मे आकडे अस्तित्वातच नाहीत. त्यातून राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली. पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१. साडेपाच लाखांवर खेड्यांतून निवडलेली १८३३ गावे. या फेरीत काही गावांसाठी गोखले संस्थेने तयार केलेली पत्रके वापरली गेली. त्यांना 'पूना शेड्यूल्स' म्हणत. वि. म. दांडेकरांनी त्यांवरचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. दांडेकरही साताऱ्याचेच, आणि संख्याशास्त्र शिकले ते महालनोबिसांकडे. पुणे आणि कलकत्ता या दोन घराण्यांची तालीम एकाच गवयाला मिळावी, तसे हे झाले.

'नमुना' या शब्दाचीही इथे गंमत होते. तलाठ्याच्या लेखी नमुना म्हणजे कोरा तक्ता. आपला सात-बारा हा गाव नमुना सात आणि बारा यांचा जोड. संख्याशास्त्रज्ञाच्या लेखी नमुना म्हणजे हजारांतून चिठ्ठीने उचललेले घर. आणि पुणेकराच्या लेखी नमुना म्हणजे काय, ते सांगायला नको. अन्वेषकाला तिन्ही अर्थ एकाच दारात भेटतात.

आता दारातला प्रश्न पाहा. गेल्या महिन्यात घरात ज्वारी किती लागली? वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा. तोवर उत्तर शेर-पायलीत, आणि पायली मुलखागणिक वेगळी. बरे, महिना कोणता? इंग्रजी तारखांचा की अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा? त्यात पाव्हणे येऊन गेले, सालगड्याला धान्य दिले, बलुते दिले, ते धरायचे का? घरचेच पीक असेल तर त्याचा भाव कुठला लावायचा? छापील प्रश्न एका ओळीचा. त्याखाली सूचनांची पुस्तिका जाडजूड, कारण प्रत्येक शब्दाला कोणत्या तरी दारात ठेच लागलेली असते.

आठवण किती मागे नेता येते, हा त्यांतला सर्वांत छळवादी मुद्दा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सुरुवातीच्या वर्षांत पश्चिम बंगालमध्ये यावर प्रयोग झाला. काही घरांना गेल्या आठवड्याचे विचारले, काहींना गेल्या महिन्याचे, आणि काहींकडे रोज प्रत्यक्ष तोलून पाहिले. महिना लांब, म्हणून तिथे विसर जास्त पडेल असे कोणालाही वाटेल. तोललेल्या धान्याशी जुळला तो महिन्याचाच आकडा; आठवड्याचा फुगलेला निघाला. गेल्या मंगळवारी आणलेली ज्वारी माणूस या आठवड्यात ओढून घेतो. सुखात्म्यांचा कापणाऱ्याचा हात कडेचे ताट आत ओढत होता, तसेच स्मरणशक्तीचेही चालते. नमुना पाहणीत ३० दिवसांचा प्रश्न रूढ झाला तो यातून.

हे किती नाजूक आहे, ते पन्नास वर्षांनी कळले. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत एकाच घराला अन्नखर्चाचे दोन रकाने विचारले गेले, ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा. दोन्ही रकाने शेजारी-शेजारी. आठवड्याचे उत्तर देऊन झाले की महिन्याचे उत्तर त्याच्याशी जुळवण्याचा मोह उत्तर देणाऱ्यालाही होतो आणि लिहिणाऱ्यालाही. सरकारी अंदाजाप्रमाणे गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ वर आली होती. त्यांतली खरी घट किती आणि रकान्यांनी केलेली किती, यावर देशभरचे अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले.

गरिबीच्या रेषेचा हा सगळा व्यवहार सर्वांच्या तोंडी आला तो दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्यामुळे. १९७१ मध्ये त्यांनी नमुना पाहणीतला १९६०-६१ चा खर्चाचा आकडा घेतला, माणशी रोज २२५० कॅलरी ही खूण मारली, आणि हिशोब केला. खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. एवढाही खर्च ज्यांना जमत नव्हता अशी माणसे खेड्यांत ४० टक्के होती आणि शहरांत जवळजवळ ५०. यॉर्कमध्ये राउंट्रीने काढलेली रेषा आणि पिंपळे सौदागरच्या ६७ घरांची रेषा आता सबंध देशावरून गेली. पुढे सुखात्मे पुण्याला परतले आणि त्यांनी या रेषेवरच बोट ठेवले. शरीराची गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते. सरासरीलाच उंबरठा मानले तर धडधाकट माणसेही उपाशी ठरतात. दोन सातारकरांचा हा वाद १९८० च्या दशकात चांगलाच रंगला. आंबेडकरांनी १९१८ मध्ये दाखवलेली जागा तीच होती. तक्त्यावर कोणाचेच भांडण नव्हते, भांडण होते ते शब्दाच्या अर्थाचे.

आणि मग चक्र पुन्हा फिरले. गरीब किती, हे नमुन्यावरून सांगता येते. गरीब कोण, हे सांगायला प्रत्येक घरी जावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांच्या याद्या करायला ग्रामीण भागात १९९२, १९९७ आणि २००२ मध्ये घरोघर पाहण्या झाल्या. १९९७ मध्ये घरात पंखा, टीव्ही, फटफटी असेल तर नाव बाद. २००२ मध्ये १३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. जमीन किती, घर कसले, माणशी कपडे किती, दिवसातून जेवण किती वेळा, शौचाला कुठे जाता. ही अशी परीक्षा, की जितके गुण कमी तितके नाव वर.

पुढे जे झाले त्याचे आश्चर्य वाटायला नको. प्रिंगलच्या काळात पीक लपत होते, आता पंखा लपला. तेव्हा सारा चुकवायचा होता, आता पिवळे रेशनकार्ड मिळवायचे होते. ज्याची गावात ऊठबस त्याचे नाव यादीत, आणि गावाबाहेरच्या पालातल्या बाईला कोणी विचारलेच नाही, ही तक्रार ग्रामसभांमधून उमटत राहिली. प्रश्न सुधारले होते, कागद छापील होता, पण पाहणीला आलेला माणूस पुन्हा काही तरी देणारा-घेणारा झाला होता, आणि ऐकणाऱ्याने आपला जुना प्रश्न बरोबर ओळखला होता: हा का विचारतोय?

नमुना पाहणीच्या अन्वेषकाचे मोल यावरून कळते. तो ज्या घरी जातो त्या घराला त्याच्या येण्याने काही मिळत नाही आणि त्याचे काही जातही नाही. घर चिठ्ठीने निवडलेले, उत्तर गठ्ठ्यात मिसळणारे. त्या घरातल्या बाईने कामाचा खोळंबा करून तासभर दिलेली माहिती ही जवळजवळ दानासारखी असते, आणि तिच्यावर देशाच्या गरिबीचा, भाववाढीचा, रोजगाराचा हिशोब उभा असतो.

पिंपळे सौदागरला आज असा अन्वेषक गेला, तर तो उंबऱ्यापर्यंत पोचेलच असे नाही. आधी सोसायटीचे फाटक लागते. तिथल्या केबिनमध्ये खुर्चीवर बसलेला माणूस मान वर करतो आणि एक वही पुढे सरकवतो. नाव, मोबाइल, कोणाकडे, आल्याची वेळ. पाहणीला आलेला माणूस निमूटपणे रकाने भरत जातो आणि शेवटच्या रकान्याशी थबकतो. गाव दोनशे वर्षे जे मनात विचारत आले, ते तिथे आता छापलेले आहे: येण्याचे कारण.